मोजलेली विहीर

आज सकाळी शेजारच्या प्लॉटवर बोरची गाडी येऊन उभी राहिली आणि माझं डोकं फिरलं. हातातला चहा तसाच राहिला. गाडीवरचा तो उंच खांब उभा झाला, मशीन सुरू झालं, आणि पाच मिनिटांत कातळाची पांढरी भुकटी माझ्या अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसली. शेजारचे स्वामी सज्जन माणूस. ते फाटकाशी आले आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, हे एक कोरडं जाणार असं वाटतंय. दुसरं कुठं घ्यावं? तुमचा तर विषयच हाय, पाणी कुठं लागंल सांगा की." मी म्हटलं, "मला नाही माहीत." आणि दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर धाडकन लावलं. बिचारे चाट पडले असतील. माझ्या वयाच्या बाईनं असं वागू नये, हे मला कळतं. पण मार्च महिन्यात मला कुणी पाणी कुठं आहे असं विचारू नये, बस.

मार्च म्हणजे आमच्याकडे परीक्षा आणि पाणी, दोन्ही एकदमच अंगावर येतात. ज्वारीची काढणी उरकत आलेली असते, कडब्याचा कोरडा वास गावभर फिरत असतो. कडुलिंबाला मोहर येतो आणि त्याचा कडसर गोड वास परीक्षेच्या हॉलमध्ये शिरतो. मी सत्तावीस वर्षं तो वास घेत पोरांवर नजर ठेवत फिरले. व्हरांड्यातल्या रांजणाला साखळीनं बांधलेला ग्लास असायचा. पहिल्या पेपरला तो हात घातला की भरायचा, शेवटच्या पेपरला रांजणात वाकून, खांद्यापर्यंत हात घालून खरवडावा लागायचा. त्या ग्लासचा रांजणाच्या बुडाला घासल्याचा आवाज अजून कधी कधी कानात येतो आणि माझे दात आंबतात.

मी सांगतेय ते नव्वदीच्या मधल्या काळातलं. देश मोकळा झाला, बाजार मोकळा झाला, असं पेपरात रोज छापून यायचं. आमच्याकडे तो मोकळेपणा जरा उशिरा आणि भलत्याच रस्त्यानं आला. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर थंड पेयांचे क्रेट दिसायला लागले. केजला ज्याच्या त्याच्या घरावर डिशच्या छत्र्या उगवल्या. साखर कारखान्याच्या गोष्टी पारावर व्हायला लागल्या. आणि दक्षिणेकडच्या नंबरप्लेटच्या बोरच्या गाड्या आल्या. त्यांच्यावरची पोरं मराठीचं अक्षर जाणत नव्हती, पण 'पाणी' आणि 'फूट' हे दोन शब्द त्यांना चोख येत होते. पूर्वी विहीर खणायची म्हणजे दोन-तीन उन्हाळे जायचे. आता सकाळी गाडी आली की संध्याकाळपर्यंत तीनशे फूट.

मी तेव्हा केजला एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. तिकडच्याच मातीतली मी. माझं माहेर घाटनांदूरचं, वडलांचं किराणा दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि हातात तराजू, असे आमचे दादा. त्यांचं म्हणणं एकच. जे मोजलं नाही, ते खरं नाही. डोळ्यांच्या अंदाजानं कुणी गूळ मागितला तर त्यांना राग यायचा. मी तीच खोड घेऊन कॉलेजात आले.

त्या वर्षी विद्यापीठानं बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला नवा पेपर काढला, 'पर्यावरण आणि शाश्वत विकास'. ऐंशी मार्कांची लेखी, वीस मार्कांचा प्रकल्प. शिकवायचा कुणी? इतिहासवाले म्हणाले, आमचा नाही. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, आमच्यात विकास येतो, शाश्वत येत नाही. स्टाफरूममध्ये हशा झाला आणि पेपर माझ्या गळ्यात पडला. पहिल्या तासाला मी विचारलं, "शाश्वत म्हणजे काय रे?" पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "देव, म्याडम." मागून आवाज आला, "दुष्काळ, म्याडम." सगळा वर्ग खिदळला, मीही हसले. मग फळ्यावर लिहून दिलं, पुढच्यांचं राखून आपलं भागवणं. पोरांनी ते मुकाट उतरवून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि माझा विश्वासही दांडगा होता.

दिवाळीआधी प्रकल्पाच्या फायली आल्या आणि माझ्या अंगाची आग झाली. बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात तयार फायली मिळायला लागल्या होत्या. आत जुन्या कॅलेंडरांची कापलेली चित्रं चिकटवलेली. एकीत देवमासा, दुसरीत बर्फाचा डोंगर, आणि पाच-सहांत पेंग्विन. उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या घरातली पोरं, आणि फायलीत पेंग्विन! मी सगळा गठ्ठा टेबलावरून खाली लोटला. "पेंग्विनला पाणी कमी पडलंय काय तुमच्या गावात? उचला हे. ह्या वर्षी फायल नाही. प्रत्येकानं आपल्या गावच्या पाच विहिरी धरायच्या. दर शनिवारी दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, जेवढा दोर ओला होईल तेवढं पाणी. वहीत लिहायचं. किती परस, कुठल्या तारखेला." परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे विहिरीची खोली अशीच माणसानं मोजतात. पोरं कुरकुरली. पण त्या दिवशी माझा अवतार बघून कुणी वर तोंड करून बोललं नाही.

मंगल त्या वर्गातली. किडकिडीत, सावळी, जीपमध्ये चौघींच्या जागेत सहावी बसून यायची आणि उतरली की आधी वेणी नीट करायची. तिच्या गावाचं नाव मी सांगत नाही, आता सांगून काय उपयोग. गाव ओढ्याच्या अलीकडे, आणि पलीकडे हिची वस्ती, वीसेक घरांची. गावातल्या विहिरीवर यांना पूर्वी चढू देत नसत, म्हणून यांच्या वाडवडलांनी ओढ्याकाठी आपल्या हातानं विहीर खणलेली. दसरा झाला की वस्तीतली निम्मी माणसं ऊसतोडीला जायची, मंगलचे आईबापही त्यात. ही मोठ्या चुलतीजवळ राहून शिकायची. चुलतीचं नाव भागाबाई. मंगल तिला मोठी माय म्हणायची.

डिसेंबरात मी स्वतः गावोगाव फिरून पोरांची मोजणी बघत होते, तेव्हा त्या विहिरीवर गेले. दगडांनी बांधलेली, गोल, काठाला दोराच्या घासणीनं पडलेल्या खोल खाचा. शेजारी बाभळीच्या फांदीवर एकच दोर टांगलेला. सगळ्या वस्तीचा तोच. दिवाळीनंतर बाया अंबाडी कुजवून सोलायच्या, नवा दोर वळायच्या, आणि जुन्या दोराशेजारी जमिनीवर अंथरून लांबी जुळवायच्या. सात परस. हातभरसुद्धा जास्त नाही. घरचा दुसरा दोर आणून शेंदायचं नाही, हा वस्तीचा कायदा, आणि त्याची राखणदार भागाबाई.

मी तिला विचारलं, "विहिरीत पाणी किती आहे हो?"

"दोर पुरतोय."

"तसं नाही. तळापर्यंत किती असेल?"

"दोर पुरतोय की, बाई."

"आणि नाही पुरला तर?"

"मंग थांबायचं. इहीर दम खाती. दोन-चार दिस वढ्यात झिरा उकरायचा, त्येच्यावर भागवायचं. पानी येतंय वर."

"पण मग दोर लांब का करत नाही?"

तिनं उलट मलाच विचारलं. म्हणाली, "कावून?"

 बाया पाणी शेंदत होत्या, कप्पीविना, हातानंच. विहिरीतून गार ओला वास येत होता. एकीनं घागरीतलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं, ते इतकं गोड होतं की मी दोनदा प्याले. मंगलनं परतीच्या वाटेवर सांगितलं, "आमच्यात इहिरीचा तळ बघू नये म्हणतात, म्याडम. किती हाय ते बोलूबी नये. मोठी माय दगड सोडू देईना. बाकीच्या चार मोजल्या म्या."

आणि मी काय म्हणाले? माझे शब्द मला नीट आठवतात, दुर्दैवानं. मी म्हणाले, "हा सगळा अडाणीपणा आहे, मंगल. माहितीच नसेल तर जपणार काय? तू शिकलेली आहेस ना? मग मोज."

पुढच्या शनिवारी भागाबाई केजच्या बाजाराला गेली तेव्हा मंगलनं घरातली चऱ्हाटं जोडली, दगड बांधला आणि विहिरीत सोडला. सोमवारी माझ्या टेबलाशी आली ती धापा टाकत. "म्याडम, दोर पुरतो त्याच्या खाली आनखी चार परस पानी हाय! चार परस!" तिचा चेहरा असा काही उजळला होता. मी तिची पाठ थोपटली. म्हटलं, "बघ, एवढं पाणी पोटात असताना तुमच्या बाया चार-चार दिवस ओढ्यात खरवडत बसतात." ती मान हलवत राहिली. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, हे लपवून काय करू?

आज पन्नास पुस्तकं वाचून झाल्यावर मला कळतं की त्या सात परसाच्या दोरात माझा अख्खा पेपर होता, ऐंशी अधिक वीस. पुढच्यांचं राखून आपलं भागवणं म्हणून मी जे फळ्यावर लिहिलं, ते त्या बायका दर वर्षी जमिनीवर अंथरून मापत होत्या. त्यांना फक्त व्याख्या येत नव्हती. आणि मला फक्त व्याख्या येत होती.

मंगल हुशार, तिथंच थांबली नाही. तिनं सगळ्या गावाचा नकाशा काढला, प्रत्येक विहिरीजवळ आकडे मांडले. मग एक दिवस पट्टी ठेवून तिनं निळी रेघ मारली. वस्तीची विहीर, महादेवाच्या देवळामागचा आड, आणि ओढ्यातला झिरा, ह्या तीनच ठिकाणी पाणी आटत नव्हतं, आणि तिन्ही एका रेषेत होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्गात शिकवलेलं कातळातल्या भेगांचं प्रकरण तिनं आपल्या डोक्यानं तिथं लावलं. शिक्षकाच्या आयुष्यात असे दिवस बोटांवर मोजण्याइतके येतात. मी तो नकाशा चौकटीत बसवून घेतला.

जानेवारीत गॅदरिंगला प्रदर्शन भरलं. पाहुणे म्हणून आप्पा आले, मंगलच्याच गावचे. मोठे जमीनदार, राजकारणातलं वजन, आमच्या संस्थेचे संचालक. पांढरंशुभ्र धोतर, बोलायला मऊ. पोरांच्या नमस्काराला उभं राहून उत्तर देणारा माणूस. बाकीच्या तक्त्यांसमोरून ते भरभर गेले आणि मंगलच्या नकाशापाशी थांबले. खिशातून चष्मा काढला.

"पोरी, ही रेघ कशाची?"

"पान्याची, आप्पा. ह्या तीन ठिकानी आटत न्हाई, म्हणून जोडल्या."

"आन् ही फुडं कुठं जाती?"

"फुडं तुमचा माळ हाय."

आप्पांनी चष्मा पुसला. मंगलनं रेघेवरचं बोट काढून घेतलं. तेवढ्यावर राहिलंही असतं, कोण जाणे. पण मी शेजारी उभी होते, आणि माझ्या विद्यार्थिनीचं कौतुक माझ्या तोंडात मावत नव्हतं. मी म्हणाले, "आप्पासाहेब, कातळात भेग असणार. अशा भेगा सरळ जातात. माळाखालूनही तीच गेलेली असेल." कुणी विचारलं नव्हतं मला. मीच बोलले.

पंधरा दिवसांत माळावर बोरची गाडी लागली. मला खास निरोप, जीप घ्यायला आली. आप्पांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पानाड्यानं हातावर नारळ फिरवून तीन बोरं कोरडी घालवली. ह्या म्याडमच्या पोरीनं एका कागदावर नेम धरला." नारळ फुटला, मला कुंकू लावलं, शाल दिली. दुपारी मशीनचा आवाज बदलला, भुकटीचा चिखल झाला, आणि पाण्याचा खांब असा वर उसळला की माणसं आरडाओरडा करत पळाली आणि परत भिजायला आली. मंगल नखशिखांत भिजली होती, हसत होती. ओढ्यापलीकडे वस्तीतल्या बाया हारीनं उभ्या राहून बघत होत्या. मी पेढा खाल्ला. दोन खाल्ले. निघताना मला उगाच कसंसं झालं म्हणून मी म्हणाले, "आप्पासाहेब, उपसा जरा जपून हं." ते मोठ्यानं हसले. "म्याडम, पानी जमिनीत ठिवून काय लोणचं घालायचं का?" सगळे हसले. मीही हसले असेन, आठवत नाही. नाही, हसले. आठवतं.

माळावर ऊस लागला. वीज असेल तेवढा वेळ मोटर चालायची. मंगलची वही माझ्याकडे दर सोमवारी यायची आणि आता मंगल ती टेबलावर ठेवून सरळ बाकावर जाऊन बसायची. एका आठवड्यात दोर पाण्याला नुसता टेकला. पुढच्या आठवड्यात पुरेना. बाया थांबल्या, नेहमीसारख्या. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. ओढ्यातला झिराही दुसऱ्या दिवशी कोरडा. विहीर दम खाईना.

भागाबाई म्हणाली, अजून थांबा. पण आता तळ सगळ्यांना माहीत झाला होता. बाया म्हणाल्या, थांबायचं कावून, खाली चार परस हाय, मंगलनं मोजलंय. त्यांचं काय चुकलं? घरात लेकरं होती. त्यांनी बाभळीवरचा दोर काढला आणि त्याला दुसऱ्या दोराची गाठ मारली. भागाबाईनं त्या गाठीला हात लावला नाही, एवढंच तिच्या हातात होतं. वाडवडलांपासून कुणी न पाहिलेलं ते चार परस पाणी पंधरवड्यात संपलं. मग गाळ आला. मग बादली दगडावर वाजली. हे सगळं मंगलच्या वहीत आहे, तारखेनिशी, सुवाच्य अक्षरात.

आप्पा वाईट माणूस होता असं म्हणून मला सुटता येत नाही. त्यांनी माळाच्या बांधावर वस्तीसाठी एक नळ काढून दिला, सकाळी तासभर. वस्तीनं त्यांचे पाय धरले. पंधरा दिवसांत बोराचं पाणी उतरलं आणि नळाची धार करंगळीएवढी झाली, मग बंद. मी भीत भीत त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा पाजला आणि समजावून सांगितलं, "उसाला कमी पडाया लागलं, म्याडम. मानसाला सरकारचा टँकर तरी येतो. उसाला कोन आननार?" मी चहा संपवला आणि उठून आले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वस्तीवर गेले. का गेले ते माहीत नाही, माफी मागायचा धीर तर नव्हता. भागाबाई दारात बसली होती. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, मला त्या हव्याच होत्या. तिनं घोंगडी अंथरली आणि आतून तांब्या आणला. टँकरचं पाणी, तळाशी गाळ बसलेलं, अर्धा पेला. आल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय कसं बसवायचं? ते पिणं पाप वाटत होतं आणि नको म्हटलं तर तिचा अपमान. मी प्याले. ती म्हणाली, "बाई, तुमी पोरीला लई शिकवलंत. येक तेवढं शिकवायचं राहिलं."

"काय?"

"कुनाफुडं काय बोलायचं न्हाई, त्ये."

आवाज चढला नाही तिचा. मी मान खाली घालून बसले होते आणि मला रडू येत होतं. तिनं हात पुढं केला, मला सावरायला नाही, पेल्यासाठी. मी रिकामा पेला तिच्या हातात दिला.

शाश्वत विकासाचा पेपर त्यानंतर आठ दिवसांनी होता. हॉलवर माझीच नेमणूक. पत्र्याखाली उकाडा, पंखा बंद, पोरांच्या घामानं उत्तरपत्रिकांवर शाई फुटत होती. चौथा, निम्म्या मार्कांचा प्रश्न होता पाण्याच्या शाश्वत वापरावर, आपल्या परिसरातील उदाहरण देऊन.  फिरत फिरत मंगलपाशी आले. तिचे तीन प्रश्न लिहून झाले होते. चौथ्याला समास आखलेला, प्रश्नाचा क्रमांक घातलेला, आणि खाली कोरं पान. पेन टोपण लावून बाजूला ठेवलेलं. अजून पाऊण तास होता. नियम मोडून मी वाकले आणि म्हटलं, "मंगल, लिही की गं. तुझ्याइतकं कुणाला येतंय हे?"

ती वर न बघता म्हणाली, "न्हाई सांगायचं, म्याडम."

त्या पेपरात ती नापास झाली. निकाल लागला तेव्हा ती गावात नव्हतीच. आईबाप ऊसतोडीवरून परत आले, पाहिलं तर विहीर म्हणावी अशी विहीर उरली नव्हती. पावसाळ्याची वाट बघायला तेवढा जीव कुणात होता? वस्तीतली घरं एकेक करून उठली. कुणी मांजरसुंब्याला रस्त्याकडेला पाल ठोकलं, ढाब्यांवर भांडी धरली, कुणी वीटभट्टीला गेलं, कुणी पुण्याकडे. मंगल कुणाबरोबर गेली ते मला दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळं सांगितलं. पुढं मी मांजरसुंब्याला गाडी बदलायला उतरले की ढाब्यांच्या मागच्या बाजूला, जिथं बाया राखेनं भांडी घासत असतात, तिथं बघायचे. आणि ती दिसली तर काय करायचं, हे न सुचून पटकन मान वळवायचे. भागाबाई मात्र उठली नाही. एकटीच राहिली वस्तीवर, दुसऱ्या उन्हाळ्यात तिथंच गेली.

माळावरचा ऊस दोन हंगाम उभा राहिला. मग त्याच रेघेवर दुसरं बोर, तिसरं, पाचशे फूट, सहाशे फूट. आता तिथं नुसती भोकं आहेत, तोंडावर दगड ठेवलेली. आप्पाही गेले. हे सगळं आठवलं की मला दुःख होतं असं नाही म्हणता येणार. मला राग येतो, आणि तो धरायला माझ्याशिवाय माणूस सापडत नाही.

पण एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. पुढच्या वर्षी जून उजाडला, नवीन वर्ग आला, पेपर तोच. प्रकल्पाचं मी तोंडातून काढत नव्हते. तेवढ्यात आप्पांचा निरोप आला. गेल्या वर्षीचा उपक्रम फार चांगला होता, तो बंद पडू देऊ नका. ह्या खेपेला साऱ्या तालुक्यातल्या विहिरी मोजा आणि वह्या माझ्याकडे पाठवा, संस्थेला उपयोग होईल. मला कळलं नाही असं नाही. पण माझ्या नोकरीची मान्यता संचालकांच्या सहीवाचून तीन वर्षं लटकली होती. घरी नवऱ्याचं आजारपण. मी नाही म्हणाले नाही. वर्गात जाऊन मी तेच सांगितलं, दोर, दगड, शनिवार, परस.  पोरांनी मुकाट उतरवून घेतलं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. ओढे दिवाळीपर्यंत वाहत होते. फेब्रुवारीत वह्या आल्या आणि मी एकेक उघडायला लागले. पहिल्या वहीत पाचही विहिरी कोरड्या. दुसऱ्या वहीत कोरड्या. तिसऱ्या वहीत प्रत्येक शनिवारी, प्रत्येक विहिरीपुढं, नीट रकाना आखून, कोरडी, कोरडी, कोरडी. उषा नावाची मुलगी होती, तिच्या घरी आठवड्यापूर्वी मी हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या परड्यातली विहीर हात घातला तर पाणी लागेल अशी भरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मी तिला उभं केलं.

"उषा, तुमची परड्यातली विहीर?"

"कोरडी हाय, म्याडम."

"अगं, मी मागच्या आठवड्यात पाणी प्याले तुमच्याकडे."

"कोरडीच हाय, म्याडम."

ती सरळ माझ्याकडे बघत होती. तिनं नजर खाली घातली नाही, ना तिच्या मागच्या बाकांवरच्या कुणी. वर्गात एरवी शिपाई आला तरी हसणारी ही पोरं. आज एकाच्याही ओठावर हसू नव्हतं. पस्तीस जण माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि ते मला फसवत नव्हते, ते मला विचारत होते. मी उषाला बस म्हटलं. टेबलाशी बसून प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं, खाली माझी पूर्ण सही केली, आणि गठ्ठा बांधून आप्पांकडे धाडून दिला. पस्तीस वह्या होत्या, आणि त्यांत सबंध तालुक्यात पाण्याचा एक थेंब नव्हता.